पिशवी काढायच्या आधी कागद मागा



मागच्या वर्षी आमच्या गटातली एक ताई तीस हजारांचं कर्ज मागायला आली. वय बत्तीस. अंगावरून पांढरं जात होतं, कंबर दुखत होती. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल." तिच्याजवळ सोनोग्राफीचा एक कागद, बाकी काहीच नाही. आम्ही दोघीजणी तिला घेऊन मुरुडहून लातूरला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं तपासून सांगितलं, जंतुसंसर्ग आहे. गोळ्यांनी ती बरी झाली. कर्ज लागलंच नाही.

सगळ्याजणींचं असं निभावत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१६-१७ पासूनच्या तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्या, असं आरोग्यमंत्र्यांनी २०१९ साली विधान परिषदेत सांगितलं. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी होत्या. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीत एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. मग 'एकदाची कटकट जाऊ दे' असं वाटतं. पण पिशवीसोबत अंडाशयही काढलं, तर ऐन तिशीत पाळी जाण्याचा त्रास सुरू होतो, हाडं ठिसूळ होतात.

या प्रकरणानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. बीडमध्ये अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानंही विनाकारण पिशवी काढणं थांबवण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना लागू करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं.

डॉक्टर सगळे वाईट नसतात. काही वेळा पिशवी काढावीच लागते. पण आपल्या अंगावर सुरी चालणार असेल, तर कारण विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. म्हणून एवढं करा:

एक, आजाराचं नाव आणि ऑपरेशनचं कारण कागदावर लिहून मागा. औषधानं बरं होईल का, अंडाशय ठेवणार का, हेही विचारा.

दोन, घाईची वेळ नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

तीन, संमतीचा कागद वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका.

चार, चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

पाच, फाईल मागून घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात.

तरीही चुकीचं घडलं तर गप्प बसू नका. रुग्णालयाची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा. एमबीबीएस किंवा त्यापुढं शिकलेल्या डॉक्टरची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. चूक सिद्ध झाली तर परिषद त्याची नोंदणी काढू शकते. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो: कागद कुठं आहेत?

आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं, की आम्ही पैसे अडवत नाही. पण दुसऱ्या डॉक्टरकडे सोबत एकजण जाते. कारण एकटीला दाबता येतं. दोघी असल्या की डॉक्टरही नीट समजावून सांगतात.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या दवाखान्याच्या फायली घेऊन या. आपण मिळून वाचू.