घरगुती दफ्तराची पंचवीस वर्षे

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला, त्या सुमारास येथील सुशिक्षित कुटुंबांचे दफ्तर लाकडी कपाटात आणि पत्र्याच्या पेटीत असे. पुढील पंचवीस वर्षांत खरेदीखते, सातबाराचे उतारे, छायाचित्रे आणि लग्नाच्या चित्रफिती काही घरांतून तरी कोपऱ्यात अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरच्या हार्ड डिस्कवर रुजू झाल्या. कागदाला लागलेली कसर डोळ्यांना दिसे; डिस्कवरील बिघाड मात्र फाइल उघडण्याचा प्रसंग येईपर्यंत बहुधा कळतच नाही.

बिघाडाचे मोठे कारण वीज. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली, तरी ग्रामीण विदर्भातील भारनियमन पुढे कित्येक वर्षे चालूच राहिले. एक फाइल जतन करताना तिचे नाव, तिचा आयनोड (फाइलची माहिती देणारी नोंद) आणि मोकळ्या जागेचा हिशेब अशा अनेक नोंदी बदलाव्या लागतात, आणि त्यांतील दोन झाल्या व तिसरी राहिली असता लाईट गेली, की नोंदींचा परस्परमेळ तुटतो. लिनक्सच्या १९९३ च्या एक्स्ट-टू या फाइल सिस्टममध्ये अशा प्रसंगी संपूर्ण डिस्कची तपासणी करण्यावाचून गत्यंतर नसे. २००१ साली लिनक्समध्ये समाविष्ट झालेल्या एक्स्ट-थ्रीने, आणि २००८ च्या एक्स्ट-फोरने, दुकानदार खतावणीआधी रोजकीर्द लिहितो त्याप्रमाणे प्रत्येक बदल आधी जर्नलमध्ये टिपण्याची तजवीज केली, आणि तासांची तपासणी क्षणांवर आली. परंतु हे जर्नल सामान्यतः रचनेचे रक्षण करते, मजकुराचे नव्हे. सदोष रॅमने किंवा ढिल्या केबलने बिघडवलेला मजकूरही ते निमूटपणे स्वीकारते.

या अनुभवातूनच दुरुस्तीची शिस्त घडली. फाइल सिस्टम अकस्मात 'रीड-ओन्ली' झाली, की पूर्वी घाईने एफएससीके हा तपासणी-दुरुस्तीचा प्रोग्राम चालवीत. आता जाणकार प्रथम लिखाण थांबवतो आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते तो 'स्मार्ट' अहवाल वाचतो. प्रलंबित (वाचता न येणारे) सेक्टर वाढत असतील तर डिस्क मरणपंथाला लागली असे समजावे. केवळ सीआरसी (डेटा-वहनातील) त्रुटी वाढत असतील तर बहुधा दोष केबलचा. त्यानंतर डीडीरेस्क्यू या साधनाने डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून दुरुस्ती त्या प्रतिमेवरच करायची. फाइल सिस्टमची मूळ माहिती धरणारा सुपरब्लॉक नष्ट झाला असला, तर चार केबीच्या ब्लॉकांच्या डिस्कवर त्याची राखीव प्रत सहसा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकपाशी सापडते. इतके करूनही 'लॉस्ट अँड फाउंड' कप्प्यात ज्या फाइली मिळतात त्यांना नावे नसतात, नुसते आकडे असतात. आजोबांचे छायाचित्र हाती येते, परंतु ते कोणत्या वर्षीचे, कोणत्या प्रसंगाचे, हे सांगणारे फोल्डर गेलेले असते.

२००५ साली खुली झालेली झेडएफएस आणि २००९ साली लिनक्समध्ये आलेली बीटीआरएफएस या फाइल सिस्टमांनी मजकुराच्या प्रत्येक ब्लॉकला चेकसम (पडताळणीचा आकडा) जोडून मूक बिघाडही उघडकीस आणला. मात्र चूक दाखवणे निराळे आणि ती सुधारणे निराळे, कारण सुधारण्यास दुसरी शुद्ध प्रत हवी. ही गोष्ट वाशिम जिल्ह्यातीलच कारंजा लाडच्या जैन ग्रंथभांडारांना ठाऊक होती. १९२६ साली रायबहादुर हिरालाल यांच्या सूचीने तेथील हस्तलिखिते विद्वानांपुढे आणली, आणि १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य संपादिले. अशा संपादनात पाठ निश्चित होतो तो निरनिराळ्या हस्तलिखितांची अक्षरशः तुलना करून. पोथी एकच असेल तर भ्रष्ट अक्षरापुढे संपादकाला तर्काचाच आधार.

पंचवीस वर्षांत दुरुस्तीची साधने पुष्कळ सुधारली, पण न ठेवलेली प्रत त्यांपैकी एकही निर्माण करू शकत नाही. अनेक डिस्का एकत्र जोडणारी रेड ही प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाइल तेथे सर्व डिस्कांवरून एकदमच नाहीशी होते. यास्तव इन्व्हर्टरसोबत यूपीएसही ठेवावा, एक प्रत दुसऱ्या गावी आप्ताकडे असावी, आणि वर्षातून एकदा ती उघडून तिची खातरजमा करावी. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.