रंगीत मुलाम्याचा घडीचा चाकू

ज्याचे पाते मिटून मुठीच्या खाचेत बसते आणि ज्याच्या पात्यावर, मुठीवर किंवा दोन्हींवर रंगीत थर दिलेला असतो, अशा खिशात बाळगण्याजोग्या चाकूस रंगीत मुलाम्याचा घडीचा चाकू म्हणतात. काळा, सोनेरी, निळा, हिरवा आणि इंद्रधनुष्यासारखा बहुरंगी असे त्याचे प्रकार बाजारात आढळतात. फळे कापणे, सुतळी व चिकटपट्टी तोडणे, पुठ्ठा कापणे, पेन्सिलीला टोक करणे अशा किरकोळ कामांसाठी तो वापरला जातो. हा रंग निरनिराळ्या पद्धतींनी आणलेला असतो आणि त्याचा टिकाऊपणा त्या पद्धतीवर अवलंबून असतो. मुलामा पात्याच्या बाजू झाकतो, धार मात्र बहुधा उघडीच राहते. त्यामुळे चाकू कसा कापेल हे मुख्यत्वे पोलादाचा दर्जा आणि पात्याची घडण यांवर ठरते.

पार्श्वभूमी

आधुनिक घडीच्या चाकूंपैकी दोन प्रसिद्ध नमुने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले. फ्रान्समधील साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू बनवला. स्वित्झर्लंडमधील इबाख येथील कारागीर कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवण्यास प्रारंभ केला आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. पुढे हाच चाकू ‘स्विस आर्मी नाइफ’ या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. त्याची तांबडी मूठ प्रसिद्ध असली, तरी पाते सामान्यतः बिनरंगी व चकचकीत असते.

त्या काळातील पाती कार्बनयुक्त पोलादाची असत. ती उत्तम धार घेत, पण ओली राहिल्यास लवकर गंजत. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियममिश्रित गंजरोधक पोलाद तयार केले आणि चाकू-सुऱ्यांच्या धंद्यात मोठा बदल घडला. ‘व्हिक्टोरिनॉक्स’ या नावातील ‘इनॉक्स’ हा उत्तरार्ध ‘न गंजणारे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा संक्षेप आहे.

धातूवर रक्षक थर देण्याची कल्पना मराठी घरांना नवी नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून केलेली कल्हई हे त्याचेच उदाहरण होय. कल्हई उडाली की भांडे पुन्हा कल्हईवाल्याकडे द्यावे लागे. चाकूवरील बहुतेक मुलामे मात्र घरी किंवा गल्लीत पुन्हा देता येत नाहीत.

रंग आणण्याच्या पद्धती

रंग व भुकटीचा लेप : रंगद्रव्य असलेला लेप पात्यावर फवारून तो भट्टीत पक्का करतात. भुकटीच्या लेपाची जाडी साधारणतः ५० ते १०० मायक्रोमीटर असते. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हवे ते रंग मिळतात आणि थर अखंड असेतोवर ओलाव्यापासून चांगले संरक्षण होते. तथापि हा थर पोलादापेक्षा मऊ असल्याने त्यावर लवकर ओरखडे उमटतात.

निर्वात कक्षातील मुलामा : निर्वात कक्षात धातूची वाफ करून ती पात्यावर बसवली जाते. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असाच देतात. तो केवळ काही मायक्रोमीटर जाडीचा असतो, परंतु व्हिकर्स मापनात त्याची कठिनता सुमारे २००० भरते. चाकूच्या पाणी दिलेल्या पोलादाची कठिनता साधारण ६०० ते ७०० असते. हिऱ्यासारख्या रचनेच्या कार्बनचा काळा थरही अतिशय कठीण व गुळगुळीत असतो. असे थर सहसा घासून जात नाहीत. मात्र खालचे पोलाद मऊ असेल, तर जोराच्या दाबाने ते दबते आणि वरचा पातळ कठीण थर तडकतो.

काळे ऑक्सिडीकरण : रासायनिक द्रावणात पोलादाच्या पृष्ठभागाचेच काळ्या आयर्न ऑक्साइडमध्ये रूपांतर केले जाते. हा थर अत्यंत पातळ असून त्यावर तेलाचा हात फिरवलेला असेल तरच तो गंजापासून बऱ्यापैकी रक्षण करतो.

ॲल्युमिनियमचे ॲनोडीकरण : ही पद्धत मुठीसाठी वापरतात. ॲल्युमिनियमवर विद्युत्-रासायनिक क्रियेने सच्छिद्र ऑक्साइडचा थर वाढवून त्या छिद्रांत रंग मुरवतात व नंतर छिद्रे बंद करतात. समुद्री विमानांच्या भागांचे रक्षण करण्यासाठी ही क्रिया ब्रिटनमध्ये १९२३ मध्ये औद्योगिक प्रमाणावर वापरात आली. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे रासायनिकदृष्ट्या कुरुंदाचाच पदार्थ; म्हणून हा थर कठीण असतो. त्यात मुरवलेला रंग मात्र प्रखर उन्हात कालांतराने फिका पडू शकतो.

टायटॅनियमचे ॲनोडीकरण : यात कोणताही रंग मिसळलेला नसतो. टायटॅनियमवरील पारदर्शक ऑक्साइडच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशकिरणांचे व्यतिकरण होऊन रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावरील तेलाच्या तवंगावर दिसणाऱ्या रंगांचे कारणही हेच आहे. विद्युत्-दाब बदलला की थराची जाडी आणि पर्यायाने रंग बदलतो. सुमारे ३० व्होल्टला निळी छटा येते. बोटांचे तेल लागल्यास रंग बदलल्यासारखा वाटतो, तो साबणाने धुतल्यावर पूर्ववत होतो. ओरखड्याने गेलेला रंग मात्र धुऊन परत येत नाही.

मुलामा आणि धार

चाकूला धार लावणे म्हणजे पात्याच्या कडेचे पोलाद झिजवणे. त्यामुळे रंगीत पात्याला पहिल्यांदा धार लावताच कडेने एक चकचकीत, बिनरंगी पट्टी दिसू लागते. हा दोष नव्हे. पुष्कळ चाकूंना मुलामा दिल्यानंतर कारखान्यातच शेवटची धार लावलेली असते, म्हणून ती पट्टी नव्या चाकूवरही आढळते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मुलामा कितीही कठीण असला, तरी धार किती दिवस टिकेल हे मूळ पोलादावर ठरते. तसेच पात्याच्या बाजू गंजल्या नाहीत तरी धार गंजू शकते. कार्बनयुक्त पोलादाचे पाते कैरी किंवा लिंबू कापून तसेच ठेवले, तर उघडी धार विळीप्रमाणेच काळवंडते. पातळ मुलाम्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतूनही ओलावा आत शिरू शकतो. ‘रंगीत आहे म्हणजे गंजणार नाही’ हा समज म्हणूनच चुकीचा ठरतो.

मुलामा देताना पाते किती तापते यालाही महत्त्व आहे. पाणी दिलेले पोलाद ठराविक मर्यादेपलीकडे तापल्यास नरम पडते. फिरत्या कोरड्या चाकावर धार लावून घेतानाही हाच धोका असतो. पोलाद सुमारे २२० अंश सेल्सिअसला पिवळसर व ३०० अंशांच्या आसपास निळे होते. चाकावरून आलेल्या पात्याची कड निळी दिसली, तर तो मुलाम्याचा रंग नसून कड जास्त तापल्याची खूण असते. अशी धार लवकर बोथट होते. पाणी घालून दगडावर सावकाश धार लावणे अधिक सुरक्षित असते.

दैनंदिन वापरातील गुणदोष

जाड व खरखरीत लेपामुळे पुठ्ठा किंवा कणखर फळ कापताना पाते अडते आणि जोर अधिक लावावा लागतो. जोर वाढला की हात निसटण्याचा संभवही वाढतो. गुळगुळीत कठीण मुलाम्याने असा अडथळा होत नाही. काळ्या थरामुळे पात्याची चमक कमी होते. उलट तांबडी किंवा नारिंगी मूठ गवतात, पालापाचोळ्यात किंवा बर्फात पडली तरी चटकन दिसते. रोजच्या वापरात रंगाचा सर्वांत निर्विवाद लाभ हाच आहे आणि तो मुठीच्या रंगाने मिळतो, पात्याच्या नव्हे.

खाद्यपदार्थ कापायचे असल्यास सोलपटणारा रंग असलेले पाते वापरू नये, कारण लेपाचे कण अन्नात मिसळतात. अन्नस्पर्शी वस्तूंसाठी युरोपीय संघात १९३५/२००४ क्रमांकाची नियमावली असून पेला व काटा यांचे चिन्ह त्या वापराची योग्यता दर्शवते. घडीच्या चाकूत रंगापेक्षाही अधिक लक्ष द्यावे लागते ते सांध्याकडे. पाते ज्या खिळीभोवती फिरते तेथे आणि मुठीच्या खाचेत फळांचा रस साचतो, तेथूनच दुर्गंधी व गंज सुरू होतो.

निगा

काम झाल्यावर चाकू उघडून कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावा, सांध्यासह पूर्ण कोरडा करावा आणि मगच मिटवावा. तारेची घासणी, राख किंवा वाळू यांनी घासल्यास रंगाचे लेप खरवडले जातात. धुण्याच्या सोड्यासारखे अल्कधर्मी पदार्थ ॲल्युमिनियमचा ऑक्साइड थर विरघळवतात, म्हणून ॲनोडीकृत मुठीसाठी ते वर्ज्य होत. सांध्यात थेंबभर खनिज तेल सोडावे; गोडेतेल कालांतराने चिकट होऊन पाते अडकू लागते. चाकू अन्नासाठी वापरायचा असल्यास तेल खाद्योपयोगी प्रतीचे असावे. मुलामा उडालेल्या जागी व धारेवर तेलाचा पुसट हात फिरवणे विशेषतः पावसाळ्यात व कोकणासारख्या दमट हवेत आवश्यक ठरते.

सुरक्षितता आणि कायदा

चमकदार रंगांमुळे असा चाकू लहान मुलांना खेळण्यासारखा वाटू शकतो, परंतु त्याची धार साध्या चाकूइतकीच तीक्ष्ण असते. बोथट पात्याला जास्त जोर लावावा लागत असल्याने तेही धोक्याचे असते. पाते उघडल्यावर जागी पक्के बसण्याची सोय नसेल, तर टोकाने भोसकण्याचे किंवा उचकटण्याचे काम करू नये. पाते बोटांवर मिटू शकते.

भारतातील शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गवारीत येतात. घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक कामांसाठी बनवलेले चाकू त्यातून वगळले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली विशिष्ट भागात व काळात चाकू बाळगण्यावर मनाई आदेश काढता येतो. विमानप्रवासात चाकू हाताच्या सामानात नेता येत नाही. या सर्व तरतुदींत चाकूच्या रंगाला काहीही महत्त्व नाही.