चीक आधी वासराला

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या संग्रामपूरकडे लंपीची साथ आली. गुरांच्या अंगावर गाठी, ताप, तोंडातून लाळ. बाजार बंद झाले. लंपी माणसाला होत नाही, पण अफवा अशा की बायका उकळलेलं दूधसुद्धा ओतून देऊ लागल्या!

आमची एकच गाय, तीही गाभण. सासूबाई रोज तिच्या अंगावरून हात फिरवून बघत. एके दिवशी खांद्याच्या पुढे, कातडीखाली गाठ हाताला लागली. त्या रात्री घरात कुणाला जेवण गेलं नाही.

गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी ताप पाहिला आणि म्हणाले, "ही लसीका ग्रंथी. प्रत्येक गायीला असते. लंपीत सुजते, पण हिला आठवड्यापूर्वी मानेत लस टोचलीय ना, म्हणून ती कामाला लागलीय." लस होती शेळ्यांच्या देवीची, रोगाचे विषाणू एकाच घराण्यातले.

सासूबाईंना ते चटकन पटलं. पोराच्या पायाला काटा लागला की जांघेत अवधाण येतं, तसंच की!

या गाठी म्हणजे पोलीस चौक्या. पण शिपाई तयार होतात कुठे? मी बी.ए., शाळेत शिकवते मराठी. तेव्हा विज्ञानाच्या बाईंकडून पुस्तक आणलं. या पांढऱ्या पेशी जन्मतात हाडांच्या मगजात. त्यातल्या काही शिकायला जातात छातीतल्या थायमस ग्रंथीत. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि पुढे आक्रसत जाते. ती बिनकामाची नाही, हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवर दाखवलं. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची शाळा मात्र प्राण्यागणिक वेगळी. माणसात मगजच, कोंबडीत शेपटीखालची एक छोटी पिशवी (अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांनी ती काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे तयार होत नाहीत, असं १९५६ मध्ये मांडलं), आणि वासरात बरंचसं शिक्षण आतड्यात.

म्हणजे नुकतं जन्मलेलं वासरू शिकाऊ शिपायांवर उभं असतं. आपल्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटात असतानाच वारेतून मिळतात. वासराला ती मिळतात फक्त चिकातून. पहिल्या काही तासांत त्याचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेतं; एक दिवस उलटला की ते दार बंद.

आणि आपण काय करतो? जार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही म्हणतो, आणि गाय व्याली की तांब्या घेऊन खरवसासाठी दारात उभ्या! मीही त्यातलीच, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर गाय पहाटे व्याली. ती जार पडायची वाट न बघता सासूबाईंनी वासरू आचळाला लावलं. शेजारणीला चीक मिळाला तिसऱ्या दिवशी. त्याचा खरवस जरा सैल होतो. वरचं दूध मुळीच घालू नये आणि वाफ थोडी जास्त द्यावी.