अभिजाततेचा मान आणि अनुवादाचे मोल

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबरच पाली भाषेलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. रायगड जिल्ह्यातील पाली हे बल्लाळेश्वराचे गाव. केवळ नामसाम्यावरून त्याचा या भाषेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि याच सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे येथील बौद्ध लेणी घाटवाटांच्या परिसरात आजही उभी आहेत. दगड टिकला, परंतु अशा विहारांतून ज्या ग्रंथांचे पठण होत असे, त्यांतील पुष्कळ ग्रंथ भारतातून नाहीसे झाले. त्यांपैकी कित्येक आज केवळ चिनी अनुवादाच्या रूपानेच उपलब्ध आहेत.

हे अनुवाद सहजासहजी झालेले नाहीत. इ. स. १४८ च्या सुमारास लोयांगला आलेला पार्थियाचा आन शिगाओ हा या परंपरेचा आरंभीचा मानकरी. तिसऱ्या शतकात वू राज्यात चि छियेन या गृहस्थ उपासकाने हेच कार्य चालविले. पुढे इ. स. ४०१ च्या अखेरीस कुमारजीव छांगआनला पोहोचला, तेव्हा राजा याओ शिंग याने त्याच्या दिमतीस शेकडो भिक्षू दिले. एकाने मूळ वचन म्हणावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा, तिसऱ्याने लिहून घ्यावे आणि आणखी कोणी भाषा संस्कारावी, अशी श्रमविभागणी तेथे रूढ झाली. महाराष्ट्रातून प्रवास करून गेलेल्या ह्युएन त्संगाने इ. स. ६४५ ते ६६४ या काळात सुमारे ७५ ग्रंथ चिनीत आणले, तेही राजाश्रयाच्या बळावरच.

या खर्चाचा परतावा कोणाला मिळाला? त्याचे एक उत्तर पुण्यात सापडते. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. त्यांचे शिष्य पु. वि. बापट यांनी १९२४ मध्ये 'सुत्तनिपात' देवनागरीत संपादित केला आणि पुढे चिनी भाषाही आत्मसात केली. 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाचा सहाव्या शतकातील चिनी अनुवाद 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहणारा त्यांचा अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. चि छियेनने चिनीत नेलेले 'अर्थपदसूत्र' त्यांनी इंग्रजीत आणले. ते १९५१ मध्ये विश्वभारतीने प्रकाशित केले. 'सुत्तनिपाता'तील अट्ठकवग्गाशी त्याचे जवळचे नाते आहे. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वीच्या एका उपासकाचे श्रम पुण्यातील पंडिताच्या कामी आले.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अनुवाद ही सार्वजनिक संपत्ती होय. खर्च आजच्या पिढीने सोसावयाचा, लाभ मात्र कित्येक शतकांनंतर, कदाचित परक्या देशातही, व्हावयाचा. असे काम बाजारपेठेवर सोपवून भागत नाही. बापटांचे हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत; चिनी त्रिपिटकातून थेट मराठीत आणू शकणारे अभ्यासक घडवावयाचे, तर पाली, संस्कृत आणि चिनी या तिन्ही भाषांच्या अध्ययनासाठी दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्त्या, स्थिर अध्यापकपदे आणि समृद्ध ग्रंथालये यांवाचून गत्यंतर नाही.

दोन भाषांना एकाच दिवशी लाभलेला मान समारंभ, परिसंवाद आणि गौरवग्रंथ यांतच विरून जाणार असेल, तर त्याचे मोल फारसे नाही. राजा याओ शिंग याने अनुवादकांना नुसता मान दिला नाही. त्यांना माणसे, निवारा आणि अवधी दिला. महाराष्ट्र शासनाने आणि विद्यापीठांनी निदान तेवढे तरी करावे.