दायित्व-विम्याची भाषा : उद्यान-कंत्राटदाराच्या विमापत्रातील काही शब्दांचा विचार

शब्दार्थविचाराचा अभ्यासक उदाहरणांसाठी सामान्यतः काव्याकडे, बोलींकडे किंवा कोशांकडे वळतो. व्यवहारातील कागदपत्रांकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः ज्यांच्या अर्थावर एखाद्या कुटुंबाची उपजीविका अवलंबून असावी, अशी वाक्ये या कागदपत्रांतच अधिक सापडतात. अमेरिकेतील उद्यान-कंत्राटदाराचे दायित्व-विमापत्र हे त्याचे एक बोलके उदाहरण होय. घरांभोवतीच्या बागा आखणे, हिरवळ राखणे, झाडे छाटणे व तणनाशके फवारणे हा या कंत्राटदाराचा व्यवसाय. तोडलेली फांदी शेजाऱ्याच्या छपरावर पडते. कुदळीचा घाव जमिनीखालील नळावर बसतो. वाऱ्याने उडालेले औषध पलीकडच्या बागेतील गुलाब जाळते. अशा प्रसंगी नुकसानभरपाईचा दावा उभा राहिला म्हणजे विमा कंपनी पैसे देणार की नाही, हा प्रश्न बहुधा वस्तुस्थितीचा राहत नाही. तो शब्दार्थाचा होतो.

विमापत्राची रचना

अमेरिकेत अशा कंत्राटदाराचा मुख्य आधार म्हणजे सर्वसाधारण व्यापारी दायित्वाचे प्रमाणित विमापत्र. त्याच्या पहिल्या भागात कंपनी एक व्यापक वचन देते : शारीरिक इजा किंवा मालमत्तेची हानी यांबद्दल विमेदारास कायद्याने जी रक्कम नुकसानभरपाई म्हणून देणे प्राप्त होईल, ती कंपनी देईल आणि दाव्यात त्याचा बचावही करील. छोट्या कंत्राटदारांच्या बाबतीत प्रत्येक घटनेस १० लाख डॉलर व वर्षाकाठी एकूण २० लाख डॉलर ही मर्यादा सर्रास आढळते. त्यानंतर अपवाद येतात. व्यापक विधानाने जे दिले, त्यातील बरेचसे अपवादांनी काढून घेतले जाते. पुन्हा अपवादांना पोट-अपवाद जोडून काढून घेतलेल्यापैकी काही परत दिले जाते. व्याकरणाच्या अभ्यासकांस ही रचना अपरिचित वाटू नये. उत्सर्ग, अपवाद आणि प्रतिप्रसव ही पाणिनीय परंपरेतील मांडणी तीच होय. भेद इतकाच की, व्याकरणात प्रतिप्रसव चुकला तर रूप अशुद्ध होते. येथे चुकला तर घर विकावे लागते.

काही अपवाद केवळ क्षेत्रविभागणी करतात. कंत्राटदाराची मालवाहू मोटार रस्त्यावर कोणास धडकली तर त्यासाठी वाहनाचा विमा वेगळा. स्वतःच्या मजुरास इजा झाली तर कामगार-भरपाईचा विमा वेगळा. गिऱ्हाइकाची जंगम वस्तू कंत्राटदाराच्या ताब्यात असताना बिघडली तर तीही या विमापत्राबाहेर राहते. त्यामुळे कुंडीतील रोप व जमिनीत रुजलेले रोप यांत केवळ मातीचा नव्हे, तर विम्याचाही फरक पडतो. पहिले जंगम, दुसरे स्थावर. परंतु खरे वाद याहून साध्या दिसणाऱ्या शब्दांवर झाले आहेत. त्यांपैकी तिहींचा विचार येथे केला आहे.

'अपघात' आणि 'घटना'

जुन्या प्रमाणित विमापत्रांत 'अपघातामुळे झालेली हानी' असा शब्दप्रयोग असे. अपघात म्हणजे क्षणात घडणारी गोष्ट, असा अर्थ घेतला तर छपरावर पडलेली फांदी त्यात बसते. पण चुकीच्या उताराने बांधलेल्या वाफ्यातून दोन पावसाळे पाणी मुरत राहून शेजारच्या भिंतीचा पाया खचला, तर त्यास अपघात म्हणावे काय? न्यायालयांची उत्तरे निरनिराळी येऊ लागली. तेव्हा १९६६ साली प्रमाणित नमुन्यात 'अपघाता'च्या जागी 'घटना' हा शब्द घालण्यात आला, आणि एकाच स्वरूपाच्या हानिकारक परिस्थितीशी सतत किंवा वारंवार येणारा संपर्कही तीत समाविष्ट करण्यात आला. मात्र 'घटना' या शब्दाची व्याख्या पुन्हा 'अपघात' याच शब्दाने सुरू होते, आणि 'अपघात' म्हणजे काय हे विमापत्र कोठेच सांगत नाही. व्याख्येने शब्द बदलला. कोडे एक पायरी मागे सरले, इतकेच.

'घटना' शब्दाला आणखी एक अंग आहे, ते संख्येचे. भरपाईची मर्यादा 'प्रत्येक घटनेस' ठरलेली असल्यामुळे घटना एक की अनेक, यावर रक्कम पालटते. या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दायित्व-विम्यातील नसून मालमत्ता-विम्यातील आहे. २००१ साली न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावर दोन विमाने आदळली. ही घटना एक की दोन, या प्रश्नावर सुमारे ३.५ अब्ज डॉलरांची मर्यादा दुप्पट होण्याचा संभव होता. ज्या कंपन्यांच्या नमुन्यात 'घटना' शब्दाची व्याख्या होती, त्यांच्या बाबतीत ती एक ठरली. ज्यांच्या नमुन्यात व्याख्या नव्हती, अशा काहींच्या बाबतीत २००४ साली ज्यूरीने ती दोन ठरविली. एकाच सकाळची एकच वस्तुस्थिती दोन कागदांवर दोन संख्या धारण करते, हे शब्दार्थाच्या अभ्यासकाने विसरू नये असे उदाहरण आहे.

'प्रदूषक'

उद्यान-कंत्राटदाराच्या दृष्टीने सर्वांत निकराचा शब्द 'प्रदूषक' हा आहे. १९७० नंतर विमा कंपन्यांनी प्रदूषणाचा अपवाद आणला. परंतु सांडणे 'आकस्मिक व अपघाताने' झाले असेल तर भरपाई मिळेल, अशी सवलत त्यात होती. 'आकस्मिक' म्हणजे 'झटकन घडलेले' की 'अनपेक्षित'? पहिला अर्थ काळाचा, दुसरा अपेक्षेचा. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली या शब्दात काळाचा घटक आहेच असे मानले. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द संदिग्ध ठरवून 'अनपेक्षित' हा अर्थ स्वीकारला. दोन्ही न्यायालयांसमोर कोश होतेच. आणि कोशांत दोन्ही अर्थ नोंदलेले असतात. कोश अर्थांची यादी देतो, निवड करीत नाही, हे या निकालांवरून स्पष्ट व्हावे.

दरम्यान १९८६ च्या सुधारित नमुन्यात ती सवलतच काढून टाकण्यात आली आणि अपवाद जवळजवळ निरपवाद झाला. प्रदूषकाची व्याख्या अशी : धूर, वाफ, काजळी, आम्ले, अल्कली, रसायने व टाकाऊ पदार्थ यांसह कोणताही घन, द्रव, वायुरूप किंवा औष्णिक दाहक वा दूषक पदार्थ. तणनाशक हे रसायन आहेच. मग बागेत तणनाशक फवारणाऱ्याचे प्रत्येक काम या अपवादात बुडते काय?

फ्लोरिडा व कॅलिफोर्निया या दोन राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी या प्रश्नास परस्परविरुद्ध उत्तरे दिली. फ्लोरिडातील प्रकरणात संत्रावर्गीय फळबागेवर कीटकनाशक फवारले जात असता ते जवळ उभ्या असलेल्या दोघांच्या अंगावर पडले. १९९८ साली न्यायालयाने म्हटले की शब्द स्पष्ट आहेत, आणि स्पष्ट शब्द लागू केलेच पाहिजेत. कॅलिफोर्नियातील मॅकिनन विरुद्ध ट्रक इन्शुरन्स एक्स्चेंज या प्रकरणात इमारतीच्या मालकाने गांधीलमाश्या मारण्यासाठी कीटकनाशक मारविले होते, आणि एका भाडेकरूचा मृत्यू त्यामुळे झाला असा आरोप होता. २००३ साली तेथील न्यायालयाने शब्दशः अर्थ नाकारला. कोशातील अर्थ घेत गेल्यास दाहक किंवा दूषक ठरू शकणार नाही असा पदार्थ जवळजवळ उरत नाही; सामान्य मनुष्य 'प्रदूषण' हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, त्यात घरगुती फवारणी येत नाही, असा त्याचा आशय होता. या विचाराची बीजे आधीची आहेत. १९९२ साली एका संघीय अपील न्यायालयाने असे दाखले दिले होते की, सांडलेल्या मोरी-साफ-करण्याच्या द्रवावरून कोणी घसरून पडला, किंवा तलावातील क्लोरीनने पोहणाऱ्याच्या अंगावर पुरळ उठले, तर त्यास कोणी प्रदूषण म्हणत नाही.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा वाद घटकार्थ आणि वापर यांमधील आहे. फ्लोरिडाच्या न्यायालयाने शब्दाचे घटक मोजले. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने भाषकसमाज तो शब्द कोणत्या प्रसंगी उच्चारतो, हे पाहिले. व्यवहाराने या वादातून आपली वाट काढली आहे. कीटकनाशक किंवा तणनाशक मारणाऱ्या कंत्राटदारासाठी विमापत्रास एक स्वतंत्र पुरवणी जोडता येते. तिच्यायोगे प्रदूषणाचा अपवाद त्याच्या फवारणीस मर्यादित अंशाने लागू होत नाही. मात्र काम कायदे, नियम व परवाना यांच्या सर्व अटींनुसार झालेले असावे लागते. जो कंत्राटदार ही पुरवणी घेत नाही, तो आपला संसार एका विशेषणाच्या भरवशावर सोडतो.

'तोच विशिष्ट भाग' आणि क्रियापदाचा काळ

तिसरा वाद व्याकरणाचा आहे. कंत्राटदाराने वाईट काम केले तर ते नीट करून देण्याचा खर्च विमा कंपनी सोसत नाही. तो धंद्याचा धोका समजला जातो. या हेतूने दोन अपवाद घातलेले आहेत. पहिल्यानुसार, स्थावराच्या ज्या विशिष्ट भागावर विमेदार काम 'करीत आहे', त्या भागाची त्या कामामुळे झालेली हानी वगळली जाते. दुसऱ्यानुसार, ज्या विशिष्ट भागावर काम चुकीचे 'केले गेले' म्हणून तो दुरुस्त करावा लागतो, तो भाग वगळला जातो. मात्र काम पुरे होऊन हातावेगळे झाल्यावर उद्भवणारी हानी या दुसऱ्या अपवादातून सोडलेली आहे.

२००९ साली टेक्ससच्या कायद्याखालील एका बांधकाम-प्रकरणात पाचव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने या दोन्ही वाक्यांचे व्याकरण गंभीरपणे घेतले. पहिल्या अपवादात क्रियापद वर्तमानकाळी आहे. म्हणून काम प्रत्यक्ष चालू असताना झालेल्या हानीपुरताच तो लागू. दुसऱ्यात 'तोच विशिष्ट भाग' असे म्हटले आहे. म्हणून सदोष भागापुरताच तो मर्यादित, सदोष भागामुळे बिघडलेले चांगले भाग त्यात येत नाहीत. उद्यानाच्या उदाहरणाने हे असे समजावे : कंत्राटदाराने बांधलेली मातीरोधक भिंत काम पुरे होण्यापूर्वी, मजूर गेल्यानंतर रात्री ढासळली व तिच्या दगडांनी घराचा ओटा फुटला. या वाचनाने भिंत पुन्हा बांधण्याचा खर्च कंत्राटदाराचा. ओट्याची भरपाई मात्र विमापत्राच्या आवाक्यात येऊ शकते. एक दर्शक विशेषण आणि एक काळ यांनी हिशेबाची विभागणी केली आहे.

संदिग्धता कोणाच्या विरुद्ध?

वाक्याचे दोन अर्थ सारखेच संभवत असतील, तर ते वाक्य ज्याने लिहिले त्याच्याविरुद्ध वाचावे, हा जुना निर्वचन-नियम विमापत्रांना विशेष कटाक्षाने लावला जातो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६६ साली जनरल ॲश्युरन्स सोसायटी विरुद्ध चांदमल जैन या प्रकरणात संदिग्धता किंवा शंका असेल तेथे करार कंपनीविरुद्ध वाचला जाईल, हे तत्त्व नमूद केले. न्यायाच्या दृष्टीने याचे कारण उघड आहे : शब्द निवडण्याचे सामर्थ्य एकाच पक्षाच्या हाती होते. तथापि न्यायालय मूळचा अर्थ शोधते की संदिग्धतेची किंमत ठरविते, हा भेद अभ्यासकाने मनात ठेवावा.

मराठीत हा विषय आणताना परिभाषेची अडचण केवळ शब्द शोधण्याची नाही. इंग्रजी 'लायबिलिटी'च्या मुळाशी बांधले जाण्याची कल्पना आहे. आपल्या 'दायित्वा'च्या मुळाशी देण्याची. आणि फारसीतून आलेल्या 'जबाबदारी'च्या मुळाशी उत्तर देण्याची. विमापत्राचा विषय देणे हाच असल्यामुळे 'दायित्व' हा शब्द येथे योग्य ठरतो. 'अपघात' शब्दाचे तसे नाही. त्यात 'हन्' धातूचा आघात अजून ऐकू येतो. दोन पावसाळे मुरणाऱ्या पाण्यास मराठी भाषक सहजासहजी अपघात म्हणणार नाही. सार्वजनिक दायित्व विम्याच्या १९९१ च्या भारतीय कायद्यात 'ॲक्सिडेंट'ची व्याख्या मात्र आकस्मिक किंवा अनपेक्षित घटनेबरोबरच अनुद्दिष्ट घटनेसही सामावून घेते, आणि सतत, अधूनमधून किंवा वारंवार होणाऱ्या संपर्काचाही उल्लेख करते. म्हणजे मूळ व्याख्या रुंद आहे आणि तिच्यासाठी योजिला जाणारा मराठी शब्द अरुंद. अशा ठिकाणी भाषांतरकाराने व्याख्या शब्दशः पुरी द्यावी, आणि शीर्षशब्दाच्या रूढ अर्थावर विसंबून तिचा संक्षेप करू नये. तसा संक्षेप झाला तर ज्याला मूळ मजकूर वाचता येत नाही, त्याचाच हक्क आकुंचित होतो. आणि निर्वचनाचा नियम कितीही उदार असला, तरी जे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही त्याचा लाभ त्याला मागता येत नाही.