दोन्ही प्रती जपणारा डेटाबेस

2011 च्या सुमारास फोनवर काउचडीबी हा डेटाबेस चालवायचा तर त्याच्यासोबत अख्खी अर्लांग फोनमध्ये घालावी लागे. एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली ही भाषा. एकदा सुरू झालं की वर्षानुवर्षं न थांबता चालत राहायचं, हा तिचा स्वभाव. फोनच्या जगात हे चालत नाही. अ‍ॅप पडद्याआड गेलं की आयओएस त्याला जागच्या जागी गोठवतं, उघडे सॉकेट बंद पडतात, आणि अ‍ॅप पुन्हा समोर आलं की आतला सर्व्हर नव्याने उभा करावा लागतो. अ‍ॅपचा आकार फुगायचा तो वेगळाच. तरीही काही डेव्हलपर हा खटाटोप करत होते, कारण त्यातून जे मिळत होतं ते तेव्हा दुसरीकडे मिळणं कठीण होतं. फोनमधला डेटाबेस आणि सर्व्हरवरचा डेटाबेस एकाच दर्जाचे होते. दोघांकडे पूर्ण प्रत, दोघांना लिहिण्याचा हक्क. सर्व्हर मध्ये नसला तरी दोन फोन थेट एकमेकांशी जुळवून घेऊ शकत होते.

त्यानंतरच्या काळात या कल्पनेभोवती अनेक उत्पादनं आली आणि गेली. कंपन्या विकल्या गेल्या, नावं बदलली, सेवा बंद झाल्या. टिकलं ते दोन यंत्रांनी आपापल्यातले फरक कसे मिटवायचे याचं उघड, लिखित तंत्र. माझ्या मते या सगळ्या काळाचा खरा नायक तोच प्रोटोकॉल आहे.

कल्पना मोबाइलपेक्षा बरीच जुनी. रे ओझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये आयरिस असोसिएट्स काढली आणि तिने घडवलेलं लोटस नोट्स 1989 मध्ये बाजारात आलं. फिरतीवरच्या माणसाने मोडेम लावून थोडा वेळ जोडून घ्यायचं, बदल इकडून तिकडे जाऊ द्यायचे आणि मग तार काढून काम चालू ठेवायचं, हे त्यात सहज होतं. त्याच काळात कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांचा गट कोडा ही फाइल यंत्रणा घडवत होता. जोडणी तुटलेली असतानाही काम चालू राहिलं पाहिजे, हा तिथल्या संशोधनाचा गाभा. 1995 मध्ये झेरॉक्स पार्कच्या बेयू या प्रणालीने आणखी पुढचं सांगितलं: दोन ठिकाणचे बदल एकमेकांच्या आड आले तर निर्णय कसा घ्यायचा हे डेटाबेसला ठाऊक नसतं, अ‍ॅपला असतं. त्यांचं उदाहरण बैठकीच्या खोलीच्या आरक्षणाचं होतं. खोली दोघांनी घेतली असेल तर दुसऱ्यासाठी पर्यायी वेळ कोणती, हे आरक्षणाच्या नोंदीतच लिहून ठेवायचं.

डेमियन कॅट्झ हे नोट्सवर काम केलेले अभियंते. नोकरी सोडून, साठवलेल्या पैशांवर घर चालवत त्यांनी 2005 मध्ये काउचडीबीला हात घातला. सुरुवात सी प्लस प्लसमध्ये झाली, मग ते अर्लांगकडे वळले. नोट्समधलं रेप्लिकेशन, म्हणजे प्रती जुळवण्याचं तंत्र, घ्यायचं आणि ते वेबच्या भाषेत, म्हणजे एचटीटीपी आणि जेसनमध्ये मांडायचं, ही ती धाडसी जोडणी. 2008 मध्ये प्रकल्प अपाचे फाउंडेशनकडे गेला आणि 2010 मध्ये 1.0 आवृत्ती आली. (मूळ नोट्सही अजून संपलेलं नाही. 2019 मध्ये ते आयबीएमकडून नोएडाच्या एचसीएलकडे आलं.)

या तंत्रावर मी इतका जीव का टाकतो, ते एका उदाहरणातून दिसेल. समजा, एका कुटुंबाची नोंद दोन आरोग्य कार्यकर्त्यांच्या फोनवर आहे. दोघी दिवसभर नेटवर्कबाहेर. एकीने बाळाचं वजन भरलं, दुसरीने आईचा फोन नंबर बदलला. दोन्ही फोनवर त्या नोंदीच्या डॉक्युमेंटची तिसरी रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, तयार झाली. क्रमांक सारखा, पण त्यापुढचा, मजकुरावरून काढलेला हॅश वेगळा. संध्याकाळी फोन एकमेकांना भेटतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, मागच्या भेटीनंतर तुझ्याकडे काय काय बदललं? दुसरा प्रश्न, यातल्या कुठल्या रिव्हिजन माझ्याकडे नाहीत? मग फक्त तेवढ्याच पाठवल्या जातात आणि कुठवर आलो याची खूण दोन्हीकडे ठेवली जाते. जोडणी मध्येच तुटली तर त्या खुणेपासून पुढे.

आता दोन्ही फोनवर त्या डॉक्युमेंटच्या दोन फांद्या झाल्या. पडद्यावर कुठली दाखवायची? ज्या फांदीचा इतिहास लांब ती. लांबी सारखी असेल तर रिव्हिजनच्या हॅशची तुलना करायची. या निवाड्यात घड्याळाला जागा नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून घटनांचा क्रम लावता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्येच दाखवून दिलं होतं, आणि हाताने तारीख मागेपुढे केलेला फोन तर कुठेही सापडतो. कुणालाही न विचारता प्रत्येक फोन स्वतंत्रपणे एकाच उत्तराला पोहोचतो. आणि हरलेली प्रत टाकून दिली जात नाही. ती डॉक्युमेंटच्या झाडावर तशीच राहते, अ‍ॅपने विचारलं की मिळते.

हरलेली प्रत जपणं हा काउचडीबीतला सर्वांत प्रामाणिक निर्णय आहे, आणि अ‍ॅप बनवणाऱ्यांनी सर्वांत जास्त दुर्लक्ष केलं तेही याकडेच. हॅशच्या जोरावर जिंकलेली प्रत बरोबर असेलच असं नाही. वर सांगितलेल्या उदाहरणात नवा फोन नंबर जिंकला तर बाळाचं वजन पडद्यावरून नाहीसं होतं. ते डेटाबेसमध्ये असतं, पण कार्यकर्तीला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तिच्या दृष्टीने हरवलेलंच. त्यामुळे अनुभवी लोक नोंदींची रचनाच बदलू लागले. कुटुंबाचं एकच जाडजूड डॉक्युमेंट ठेवण्याऐवजी प्रत्येक भेटीचं स्वतंत्र डॉक्युमेंट, एकदा लिहिलं की न बदलणारं. दोन कार्यकर्त्या दोन भेटी नोंदवतील, संघर्ष होणारच नाही. बाळाचं आजचं वजन हवं तर भेटींमधून काढायचं. सारणी आणि रकान्यांच्या सवयीतून आलेल्या डेव्हलपरला हे आधी उधळपट्टीसारखं वाटतं. प्रत्यक्ष वापरात उतरलेल्या अ‍ॅपमध्ये मात्र पुष्कळ त्रास याच एका बदलाने टळतो.

2011 आणि 2012 ही या कहाणीची अवघड वर्षं. कॅट्झ, जे. क्रिस अँडरसन आणि यान लेनार्ट यांची काउचवन ही कंपनी फेब्रुवारी 2011 मध्ये मेमबेस या कंपनीशी एकत्र झाली आणि काउचबेस जन्माला आली. त्याच वर्षाच्या शेवटी उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने उबुंटू वन या सेवेतून काउचडीबी काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. एवढ्या वापरकर्त्यांचा भार पेलवत नाही, हे कारण. जानेवारी 2012 मध्ये खुद्द कॅट्झ यांनी आपण यापुढे काउचबेस सर्व्हरवरच लक्ष देणार असं सांगून टाकलं. प्रकल्पाच्या जन्मदात्यानेच पाठ फिरवली म्हटल्यावर अनेकांनी काउचडीबीवर फुली मारली. ती घाई होती. अपाचेकडे असलेला समुदाय काम करत राहिला, क्लाउडंट या कंपनीचं क्लस्टरिंग आत आलं आणि 2016 मध्ये 2.0 आवृत्ती निघाली.

मोबाइलसाठी खरी वाट मोकळी केली येन्स अल्फ्के यांनी. अर्लांग फोनवर न्यायचीच कशाला, प्रोटोकॉल तेवढा न्यावा, असा त्यांचा विचार. एसक्यूलाइट हा फोनवर आधीपासून असलेला डेटाबेस खाली ठेवून त्यांनी ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये टचडीबी लिहिला. काउचडीबी मायएसक्यूएलसारखा मानला तर टचडीबी हा एसक्यूलाइट, असं ते सांगत. अँड्रॉइडसाठीही तो आला आणि पुढे त्याचाच काउचबेस लाइट झाला, 1.0 आवृत्ती 2014 ची. जावास्क्रिप्टच्या जगात मिकील रॉजर्स यांनी सुरू केलेला आणि डेल हार्वी, नोलन लॉसन यांनी वाढवलेला पाउचडीबी हेच काम ब्राउझरमध्ये करू लागला. तीन वेगळ्या भाषा, तीन वेगळ्या साठवणी, पण एकमेकांशी बोलताना तोच करार. कुणाचीही परवानगी न घेता हे घडू शकलं, कारण करार उघड्यावर होता.

पाउचडीबीच्या वाट्याला ब्राउझरचे हाल आले. सुरुवातीला सफारीतला इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधली साठवण, इतका सदोष होता की मानकातून सोडून दिलेल्या वेबएसक्यूएलचा आधार घ्यावा लागे. मार्च 2020 मध्ये सफारीने नवा नियम आणला: सात दिवस एखाद्या साइटला हात लावला नाही तर तिने साठवलेली माहिती पुसायची. हेतू पाळत रोखण्याचा, आणि तो चांगलाच होता. पण ऑफलाइन भरलेली, अजून सर्व्हरपर्यंत न पोहोचलेली नोंद आणि जाहिरातवाल्याची कुकी यांत ब्राउझरला फरक करता येत नाही. होम स्क्रीनवर बसवलेल्या अ‍ॅपला त्यातून सूट आहे, पण हे वापरणाऱ्याला कोण समजावणार?

या तंत्राने सर्वांत मोलाचं काम केलं ते आरोग्यात. मेडिक या संस्थेच्या पुढाकाराने वाढलेलं कम्युनिटी हेल्थ टूलकिट सर्व्हरवर काउचडीबी आणि फोनवर पाउचडीबी वापरतं. केनिया, नेपाळ, युगांडा अशा देशांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्या त्यावर गरोदर स्त्रियांच्या आणि बालकांच्या नोंदी ठेवतात. तिथे एका फोनवर साधारण 10,000 डॉक्युमेंटांपुढे जाऊ नये असा संकेत आहे, कारण स्वस्त फोनचा दम त्याआसपास संपतो. दुसरी मोठी अडचण वाचनाच्या हक्काची. काउचडीबीत एकेका डॉक्युमेंटपुरती वाचनाची परवानगी देता येत नाही, डेटाबेस पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. म्हणून प्रत्येकाला वेगळा डेटाबेस द्या किंवा मध्ये गाळणी बसवा.

आपल्याकडे अंगणवाडी सेविकांच्या हाती 2018 नंतर आलेलं आयसीडीएस-कॅस हे अ‍ॅप कॉमकेअर या प्लॅटफॉर्मवर बांधलेलं होतं. नेटवर्क नसतानाही नोंदी भरता येत आणि त्या नंतर सर्व्हरकडे जात. ते पीअर-टू-पीअर, म्हणजे फोनाफोनांत थेट जुळणारं, नव्हतं, तरी त्यातला धडा इथेही लागू होतो. 2021 मध्ये ते जाऊन पोषण ट्रॅकर आलं, आणि महाराष्ट्रातल्या सेविकांनी जुने, कमी मेमरीचे फोन आणि मराठी नसलेलं अ‍ॅप यांना वैतागून फोनच शासनाला परत केले. सिंकचं तंत्र कितीही सुंदर असो, फोन भरलेला असेल आणि पडद्यावरची भाषा परकी असेल तर ते निरुपयोगी ठरतं. तो राग मला पूर्णपणे रास्त वाटतो.

आणि दोन फोनांचं थेट बोलणं? डेटाबेस त्याला पहिल्या दिवसापासून तयार होता. आडवी आली ती फोनची ऑपरेटिंग सिस्टीम. शेजारी कोण आहे हे शोधायला बोंजूर, ब्लूटूथ किंवा वाय-फाय डायरेक्ट लागतं. अ‍ॅपलने 2013 मध्ये मल्टिपीअर कनेक्टिव्हिटी दिली, ती फक्त अ‍ॅपलच्याच उपकरणांमध्ये. अँड्रॉइड 6 पासून ब्लूटूथने आसपास शोध घ्यायला ठिकाणाची परवानगी मागावी लागे, आणि नोंदी ठेवणारं अ‍ॅप माझं ठिकाण का विचारतंय, असा संशय वापरणाऱ्याला येई. अँड्रॉइड 8 ने पडद्याआडच्या कामांवर लगाम घातला, आयओएस 14 ने स्थानिक नेटवर्कसाठीही परवानगीची चौकट आणली. मायक्रोसॉफ्टमध्ये यारॉन गोलँड यांच्या पुढाकाराने चाललेल्या थाली प्रकल्पाने पाउचडीबी फोनवर नेऊन ब्लूटूथ आणि वाय-फायवरून जुळवायचा नेटाने प्रयत्न केला. तोही मागे पडला.

जिथे गरज खरी होती तिथे मात्र वाट निघाली. इक्वाडोरच्या वाओरानी आदिवासींनी आपल्या जंगलाचे नकाशे मापेओ या साधनावर बनवले. त्यात मध्यवर्ती सर्व्हर लागत नाही, नोंदी स्थानिक वाय-फायवरून किंवा फाइलने एका यंत्रातून दुसऱ्यात जातात. एप्रिल 2019 मध्ये पास्तासाच्या न्यायालयाने तेल उत्खननाविरुद्धच्या त्यांच्या दाव्यात त्यांच्या बाजूने निकाल दिला. लढा त्यांचा, नकाशे त्या लढ्यातलं एक साधन. पण आपल्या जमिनीची माहिती आधी आपल्याच हातात राहावी ही त्यांची अट या रचनेशिवाय पाळणं कठीण होतं.

व्यापारी बाजूने चित्र संमिश्र आहे. काउचबेस लाइटच्या 2018 च्या 2.0 आवृत्तीने काउचडीबीचा प्रोटोकॉल सोडून वेबसॉकेटवरचा स्वतःचा घेतला. वेग वाढला, पण जुनं नातं तुटलं, आणि दोन फोनांमधलं सिंक सशुल्क आवृत्तीत गेलं. रिअ‍ॅल्म हा मोबाइल डेटाबेस मोंगोडीबीने 2019 मध्ये विकत घेतला. त्याच्या सिंक सेवेचा शेवट 2024 मध्ये जाहीर झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये ती बंद पडली. त्यावर अ‍ॅप बांधलेल्यांना पाया बदलावा लागला. रिअ‍ॅल्ममधूनच बाहेर पडलेल्या दोघांनी 2018 मध्ये काढलेली डिट्टो ही कंपनी मात्र थेट पीअर-टू-पीअरलाच आपला धंदा मानते. 2025 च्या आयओएस 26 मध्ये वाय-फाय अवेअर आलं, तेव्हा आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात राउटरशिवाय वेगाने बोलण्याचा खुला मार्ग पहिल्यांदा दिसू लागला.

दरम्यान संशोधन पुढे सरकलं आहे. मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मांडलेल्या सीआरडीटी या रचनांमुळे फोन नंबर आणि वजन हे दोन वेगळ्या रकान्यांतले बदल आपोआप एकत्र होतात. मार्टिन क्लेपमन यांच्या ऑटोमर्जने ते जेसनसारख्या डॉक्युमेंटांसाठी आणलं. पण एकाच बाळाची दोन वेगळी वजनं आली तर ऑटोमर्जही एक निवडतो आणि दुसरं मागितल्यावर देता यावं म्हणून जपून ठेवतो. गणित बदललं, हरलेल्या प्रतीबद्दलचा प्रामाणिकपणा तोच राहिला, आणि दोन्ही वजनं कार्यकर्तीसमोर ठेवणारा पडदा अजूनही डेव्हलपरलाच काढावा लागतो.

या क्षणी मला सर्वांत अवघड वाटतो तो जुन्या फोनचा प्रश्न. सर्व्हर मध्ये असला की जुनी आवृत्ती दारातच अडवता येते. पीअर-टू-पीअरमध्ये दार नसतं. सहा महिने कपाटात पडलेला फोन चालू होतो, शेजारच्या फोनशी थेट जुळतो, आणि त्याला नव्या रकान्यांची ओळख नसते. पुसलेल्या नोंदीच्या जागी काउचडीबी एक खूण ठेवतो. जागा वाचवायला ती खूणही कुणी काढून टाकली असेल तर त्या फोनमधली जुनी नोंद पुन्हा जिवंत होऊन सगळीकडे पसरते. खुणा किती काळ ठेवायच्या, किती जुन्या फोनला आत घ्यायचं आणि घेण्याआधी त्याच्या न पोहोचलेल्या नोंदी कशा वाचवायच्या, हे आज प्रत्येक अ‍ॅप आपापल्या परीने ठरवतं. रेप्लिकेशनसारखा लिखित, सर्वांना चालेल असा करार त्यासाठी अजून व्हायचा आहे.