सात ज्यूलची ठिणगी

विठ्ठलवाडी-कल्याणहून मलंगगडाकडे निघणाऱ्यांच्या सॅकमध्ये काळ्या कांडीचा फायर स्टार्टर असला, तरी पावसाळ्यात शेकोटी पेटेलच असे नाही. पोलादी पात्याने खरवडताच सुमारे ३००० अंश सेल्सिअसच्या ठिणग्या उडतात, मग लाकूड का पेटत नाही? कारण तापमान म्हणजे उष्णता नव्हे. ही कांडी फेरोसेरियमची असते. सिरियम, लँथॅनम, लोखंड यांच्या या मिश्रधातूचे पेटंट कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये घेतले. सिगारेट लायटरच्या चाकाखालचा खडाही याच मिश्रधातूचा. एक मिलिग्रॅम किस पूर्ण जळाला तरी साधारण सात ज्यूल उष्णता मिळते आणि तेवढ्यात पाण्याच्या थेंबाचा जेमतेम विसावा हिस्सा आटतो. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर छपराखालचे लाकूडसुद्धा सतराअठरा टक्के ओलावा धरून असते. म्हणून निर्णायक असतो तो ठिणगी झेलणारा पदार्थ. चकमकीच्या काळात हे सगळ्यांना ठाऊक होते. तेव्हा सह्याद्रीत मुबलक मिळणारी गारगोटी पोलाद खरवडायची आणि पोलादाचेच कण जळायचे. त्या ठिणग्या फेरोसेरियमपेक्षा थंड, म्हणून काटेसावरीचा कोरडा कापूस जपून ठेवला जाई. त्याचा तंतू इतका बारीक, की तो तापवायला नगण्य उष्णता पुरते, आणि तंतूंमधल्या हवेतून ऑक्सिजन मिळत राहतो. आज साध्या कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन चोळून तो पिंजून घेतला, तर ठिणगीने तंतू पेट घेतात आणि व्हॅसलिन काही मिनिटे ज्योत टिकवते. तेवढ्या वेळात काड्या वाळवून पेटवता येतात.

दहा रुपयांचा लायटर असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. लायटरची ज्योत सलग उष्णता देते आणि एका दिवसाच्या ट्रेकला तोच बरा. पण भिजलेला लायटर वाळेपर्यंत रुसतो, कांडी पुसली की चालते. आणि बारीक, कोरडे इंधन दोघांनाही लागतेच. रॉकेल ओतून तर स्वतःची फसवणूकच होते. रॉकेल जळून जाते, ओंडका आतून ओलाच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: डोंगरात आग लावावीच का? राखीव वनात विनापरवाना आग पेटवणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. फेब्रुवारी ते मे या काळात उतारावरचे गवत वाळून कोळ होते. आटवायला पाणीच नसल्याने तेच सात ज्यूल तिथे वणव्याला पुरतात. तेव्हा कांडीचा सराव परवानगीच्या जागी, गवत खरवडून मोकळ्या केलेल्या मातीवरच व्हावा, आणि राखेत पाणी घालून ती ढवळल्यावर हाताला गार लागेपर्यंत कुणी जागा सोडू नये.